चौघांत एक पुस्तक

पाऊस यायचं तसं काही कारण नव्हतं. आठवडाभर आभाळ पुसून ठेवल्यासारखं लख्ख होतं, विटा वाळायला याहून चांगले दिवस मागूनही मिळाले नसते. आणि तरी मेला आला. पहाटे आला, मनसोक्त धिंगाणा घातला आणि उजाडायच्या आत चोरासारखा पसार झाला. मुंगीची आई ताडपत्री ओढत झोपडीबाहेर धावली तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नवरा-बायकोनं पाडून ओळीनं वाळत घातलेल्या कच्च्या विटा, कडा अशा की हात कापावा, सगळ्या बसल्या होत्या. वीट कुठली आणि चिखल कुठला, काही सांगता येत नव्हतं.

ती तिथंच उकिडवी बसली. साच्यात चिखलाचा गारा दाबून दाबून बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, त्यांत पावसाचं पाणी झोंबत होतं. पाठीतली कालची कळ अजून गेली नव्हती आणि आता कालचंच काम पुन्हा करायचं होतं.

“रडू नकोस,” नवरा मागून म्हणाला.

“रडतंय कोण? शिव्या देतेय मी.”

“मग दे. माझ्याही वाटच्या देऊन टाक.”

मुकादम छत्री उघडी धरून आला. पाऊस कधीच थांबला होता, पण छत्री धरली की माणूस उंच दिसतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं असावं. त्यानं सगळ्या मैदानावरून नजर फिरवली आणि जणू पाऊस यांनीच पाडला असल्यासारखा ओरडला, “उद्या संध्याकाळपर्यंत हे मैदान पुन्हा भरलेलं दिसलं पाहिजे! लहान-मोठं कोणी इकडंतिकडं जाणार नाही. मोठ्यांनी विटा पाडायच्या, पोरांनी त्या उलटून वाळत ठेवायच्या.”

“उद्या शाळेची तपासणी आहे,” मुंगीची आई म्हणाली.

मुकादम इतका हसला की छत्री हलली. “तपासणी! भट्टीच्या पोरांची! अगं, पालथ्या घड्यावर पाणी ते. आणि ऐकून ठेव, ज्यांचे हात कामावर कमी पडतील त्यांची जागा मी दुसऱ्या जोडीला देईन. पाण्याजवळची जागा मागणारे ढिगानं आहेत.”

पाण्याजवळची जागा म्हणजे त्यांचीच. हौदाला लागून. ती गेली तर मैदानाच्या पार टोकाला जायचं आणि गारा कालवायला लागणारं सगळं पाणी डोक्यावरून वाहायचं. आधी विटा गेल्या, वर हा मुकादम. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असाच.

मुंगी म्हणजे तिची मुलगी. खरं नाव चांगलं दोन हात लांब होतं, पण पोर चालायला लागल्यापासून स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढून आणायची, म्हणून भट्टीवर सगळे मुंगीच म्हणत. पुढं शाळेतही तेच झालं.

शाळा टेकाडावर होती. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, आणि बाई एकच. गावातल्या बऱ्या घरांतली पोरं पिवळ्या बसनं नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जायची. उरली ती या शाळेत: भट्टीवरची, दगडखाणीवरची, मेंढपाळांची आणि गावातल्या लोहाराची एक मुलगी. खाणीवाल्यांची बोली वेगळी, भट्टीवाल्यांची वेगळी, आणि मेंढपाळांची पोरं बोलायचीच कमी. कोणी पावसाळा सरल्यावर यायचं, कोणी पावसाळा लागला की. गावातला दुकानदार म्हणायचा, “शाळा कसली, धर्मशाळा आहे ती.” पण त्या धर्मशाळेत आलेलं पोर कुठल्याही महिन्यात आलं तरी बाई त्याला अशा बसवून घ्यायच्या, जणू त्याच्यासाठीच जागा अडवून ठेवली होती.

अडचण पुस्तकांची. पुस्तकं यायची वर्षाच्या आरंभाला, तेव्हा शाळेत असतील तेवढ्यांपुरती. भट्टीची पोरं येईपर्यंत ती वाटून झालेली असायची. मग बाईंनी चौघांत एक पुस्तक असं ठरवून टाकलं. मध्ये पुस्तक, भोवती चार डोकी. एक वाचणार, तिघं ऐकणार. तो चुकला की तिघं त्याच्यावर तुटून पडणार. पोरं भांडत भांडत वाचायला शिकली.

गेल्या वर्षी तपासणीचे साहेब नेमके भट्टी पेटवायच्या दिवशी आले होते. भट्टीची सगळी पोरं विटा वाहत होती, खाणीची पोरं साहेबांची भाषा ऐकून गप्प. अर्धी खोली रिकामी, उरलेली मुकी. साहेबांनी सांगितलं होतं, की पुढच्या वर्षीही असंच दिसलं तर शाळा बंद, पोरं नदीपलीकडे. आता नदीपलीकडे पायी जायचं म्हणजे पोचेपर्यंत शाळा सुटायची. बंद म्हणजे बंदच.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर बाई स्वतः खाली भट्टीवर आल्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चपला हातात, साडीचा काठ चिखलानं माखलेला. मुकादम लांबून बघत होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“ताई,” त्या मुंगीच्या आईसमोर येऊन म्हणाल्या, “मी हात जोडायला आले नाही. तुमचं पोट या चिखलावर आहे, मला कळतं. पण उद्या वर्ग भरलेला दिसला नाही तर परवा वर्गच राहायचा नाही. आणि वाचायला उभी करायला माझ्याकडे मुंगीसारखी दुसरी नाही. माझी सगळी भिस्त तिच्यावर आहे.” मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून मुंगीच्या हातात दिलं. “आज तू आली नाहीस म्हणून मीच आणलं, रोजच्यासारखं रात्री तुझ्याकडेच. ओलं करू नकोस.”

बाई गेल्या तरी मुंगीच्या आईच्या कानात ते वाक्य घुमत राहिलं. सगळी भिस्त! आपल्या पोटच्या पोरीवर! तिला वाटलं, मुकादमाच्या छत्रीवर चढून हे ओरडून सांगावं.

ती पुन्हा कामाला बसली. गाऱ्याचा गोळा उचलायचा, राखेत घोळवायचा, साच्यात आपटायचा, वरचं निपटायचं, साचा उलटा करून उचलायचा. समोर, हातभर अंतरावर, मुंगी मांडी घालून बसली आणि पुस्तक जमिनीवर ठेवून वाचू लागली. “बैल नदीवर आला. नदीला पाणी कमी होतं...” हे असं या हंगामात रोज चालायचं. आईला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण चित्रं दिसायची. आता चित्रातला बैल चार पायांवर ठाम उभा होता, आणि साच्याच्या ठेक्यावर मुंगीचा आवाज चालला होता. पाठीची कळसुद्धा जरा गप्प बसल्यासारखी वाटली.

“केस बघ, झिपरी झालीस नुसती,” आई म्हणाली. “उद्या साहेबापुढं अशी जाणार?” हात धुऊन, फणी घेऊन ती मुंगीच्या मागं जाऊन बसली. पहिला गुंता सोडवता सोडवता तिची नजर मुंगीच्या खांद्यावरून पुस्तकावर गेली आणि फणी केसांतच राहिली.

बैलाचे पाय आभाळाकडे होते.

तिनं पुन्हा बघितलं. बैल पाठीवर पडलेला, झाड शेंड्यावर उभं, आणि मुंगी खुशाल वाचत होती, “बैल म्हणाला, नदीबाई, नदीबाई...”

“मुंगे, पुस्तक उलटं आहे.”

“नाही गं.”

“मला अक्षर येत नाही, पण बैल कळतो! उलटं धरून वाचतेस? आईला वेडी समजतेस?”

“आम्ही असंच वाचतो,” मुंगी म्हणाली. तिचा खालचा ओठ बाहेर आला. “मला येतं.”

“पाठ केलंय तू! इतरांचं ऐकून ऐकून घोकलंयस. खोटारडी!”

मुंगी रडली नाही. तिनं पुस्तक फडक्यात गुंडाळलं आणि झोपडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मुंगीची आई फणी घेऊन तिथंच बसून राहिली. इतके दिवस समोर बसून कौतुकानं ऐकलं, खाणीवाल्यांना सांगितलं, पाण्यावर आलेल्या बायकांना सांगितलं, माझी मुंगी घडाघडा वाचते म्हणून. आणि उद्या साहेब तिला उभी करणार, ती पुस्तक उलटं धरणार, आणि सगळ्या शाळेचं नाक कापलं जाणार. पोरीला घरी ठेवावं तर वर्ग रिकामा. पाठवावं तर हसं.

नवरा खड्ड्यात गुडघाभर चिखल तुडवत होता. तिनं काठावर बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ठेवू का तिला उद्या कामावर? म्हणू, मुकादमानं सोडलं नाही.”

त्यानं पायाखालचा एक खडा काढून बाहेर फेकला. मग म्हणाला, “बाईंना आधी जाऊन खरं सांग. मग त्या तिला पुढं बसवतील नाहीतर मागं, त्यांचं त्या बघतील. पण जायचं तर खरं. तू तिला घेऊन जा, साचा मी धरतो.”

“तुम्ही? तुमच्या विटा म्हणजे म्हाताऱ्याचे दात.”

“असू दे. म्हातारीला आवडतात ना?”

इतकं सगळं असून तिला हसू आलं.

सकाळी मुंगीचा हात धरून ती मैदानातून सरळ चालत निघाली. आडोशानं जाता आलं असतं, पण तिला चोरासारखं जायचं नव्हतं. मुकादम ओरडला, “ए, कुठं चाललीस? जागेवर पाणी सोडलंस का?” ती थांबली नाही. टेकाडाखाली पोचल्यावर तिनं मागं वळून बघितलं, तर विटांच्या ओळींतून एक पोर उठलं होतं, मग दुसरं, मग भावंडाला काखेत मारून एक पोरगी. त्यांच्या आया खाली मान घालून विटा पाडत होत्या, जणू पोरं गेल्याचं त्यांना दिसलंच नाही. मुकादम छत्री हलवत एकाकडून दुसऱ्याकडे पळत होता. आता सगळ्यांचीच जागा काढून देणार तरी कोणाला?

एरवी तिची छाती अभिमानानं फुगली असती. आज तिनं झटकन तोंड फिरवलं. ही सगळी पोरं आपल्यामागं आली आणि आपण घेऊन चाललोय काय, तर उलटं पुस्तक.

साहेब आधीच आले होते. उंच, दमलेले, बूट चिखलानं जड झालेले. मुंगीच्या आईनं दारातूनच बाईंना खूण केली. “बाई, एक सांगायचं होतं, मुंगीचं...”

“नंतर ताई, नंतर!” बाईंना मागून येणारी पोरं दिसली होती आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मुंगीच्या आईला पुढचं सांगवेना. ती दाराबाहेर उभी राहिली. पायांना चिखल होता, आत फरशी नुकतीच पुसलेली होती.

साहेबांनी गणितं घातली. साहेब प्रश्न विचारायचे, लोहाराची मुलगी तो भट्टीच्या बोलीत सांगायची, खाणीवाल्याची थोरली आपल्या बोलीत, आणि उत्तर मागच्या कोपऱ्यातून मेंढपाळाचा मुलगा द्यायचा, तेही नुसती बोटं वर करून. उत्तर बरोबर असायचं. साहेबांना आधी वाटलं गोंधळ चाललाय. मग ते मुद्दाम सावकाश विचारू लागले आणि प्रश्न या पोराकडून त्या पोराकडे कसा जातो ते बघत राहिले.

“ही तुमची भट्टीची पोरं?” ते बाईंना म्हणाले. “मागच्या वर्षी दिसली नव्हती.”

“मागच्या वर्षी तुम्ही भट्टी पेटते त्या दिवशी आला होतात, साहेब,” बाई म्हणाल्या. “आणि मी तेव्हाही सांगितलं होतं.”

साहेबांनी चष्मा पुसला. “बरं. यांच्यातलं कोणी वाचून दाखवेल?”

“मुंगी, ये गं.”

साहेबांनी स्वतः पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. सरळ. मुंगी बघत राहिली. “बै... बैल... न... न...” खोलीत इतकी शांतता झाली की भट्टीवरची ओरड वर ऐकू आली. दाराबाहेर मुंगीच्या आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

मुंगीनं एकदा दाराबाहेरच्या आईकडे बघितलं. मग पुस्तक फिरवलं आणि उलटं धरलं. “बैल नदीवर आला. नदीला पाणी कमी होतं. बैल म्हणाला, नदीबाई, नदीबाई, तुझं पाणी कोणी प्यालं?” कुठं अडखळणं नाही, कुठं थांबणं नाही.

“पाठ आहे तिला,” साहेब हळूच बाईंना म्हणाले. चांगुलपणानं म्हणाले, तेच जास्त लागलं. बाईंचा चेहरा पडला.

“पाठ नाही,” मुंगी म्हणाली. “मला येतं.”

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, आपल्या पिशवीतून डबा काढला आणि त्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद सोडवून तिच्यापुढं धरला. मुंगीनं तो घेतला, फिरवून उलटा केला आणि बोट ठेवून सावकाश वाचू लागली. “दुरुस्तीच्या... कामामुळे... उद्या शहराचा... पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी...” ती थांबली. साहेब वाकले. मुंगीनं मान वर केली. “इथं तेल सांडलंय. पुढचं दिसत नाही.”

साहेबांनी कागद घेतला, सरळ करून बघितला. ‘नागरिकांनी’च्या पुढं मोठा तेलकट डाग होता.

“अगं बाई!” बाईंनी कपाळावर हात मारला. “मुंगे, तू पुस्तकाच्या कुठल्या बाजूला बसतेस?”

“हिच्या समोर,” मुंगीनं लोहाराच्या मुलीकडे बोट केलं. “पहिल्यापासून. ती माझी जागा आहे.”

“आणि माझ्या टेबलापाशी वाचताना माझ्यासमोर उभी! पुस्तक माझ्याकडे तोंड करून!” बाईंना हसावं की रडावं कळेना. “साहेब, चुकलं माझं. चौघांत एक पुस्तक. मी रोज सांगते जागा बदला, पण ही पोरं आपली बाजू सोडतील तर शपथ. आणि माझ्या मेलीच्या लक्षातही आलं नाही.”

साहेब खाली जमिनीवरच बसले. “त्या चौघांना बोलवा,” ते म्हणाले. मध्ये पुस्तक ठेवलं, भोवती चौघं आपापल्या जागी बसली, आणि साहेबांनी प्रत्येकाला एक एक ओळ दिली. लोहाराच्या मुलीनं सरळ वाचली, मुंगीनं उलटी. खाणीच्या दोघांनी दोन बाजूंनी, मान जराही न वाकडी करता, आडवी वाचली. ओळ एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी गोष्ट कुठं तुटली नाही.

“इतकी वर्षं शाळा बघतोय,” साहेब अखेर म्हणाले, “पुस्तक सरळ धरूनही वाचता न येणारी पोरं खंडीभर पाहिली. पुस्तक कुठूनही दिलं तरी वाचणारी आज पहिल्यांदा.” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “बाई, सरळ धरायची सवय लावा, परीक्षेचा कागद कोणी उलटा ठेवणार नाही. पुस्तकं मी पाठवतो. शाळा इथून हलत नाही. तेवढं माझ्यावर सोडा.”

मुंगीची आई चिखलाच्या पायांनी तशीच आत गेली. पुसलेल्या फरशीवर तिची पावलं उमटली आणि कोणी काही म्हटलं नाही. तिनं मुंगीला उराशी धरलं. “काल मी तुला खोटारडी म्हटलं,” ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली.

“सोड, साहेब बघतायत,” मुंगी कुजबुजली.

खाली मुकादमानं आपला राग नवऱ्यावर काढून ठेवला होता. जागा काही काढून घेता आली नव्हती, पण नवऱ्यानं पाडलेल्या विटांत पाय घालून त्यानं सगळ्या नापास केल्या होत्या. “त्यांत त्याची काही चूक नाही,” नवरा म्हणाला. “मीसुद्धा नापासच केल्या असत्या. शाळेचं काय झालं?”

“राहिली,” ती म्हणाली. नवऱ्यानं चिखलाच्या हातानंच तिच्या पाठीवर थाप मारली आणि खड्ड्यात उतरला.

उजेड होता तोवर पुष्कळ विटा पाडायच्या होत्या. ती साच्यापाशी बसली. बाईंनी पुस्तक पुन्हा मुंगीकडे दिलं होतं, सरळ वाचायच्या सवयीसाठी. मुंगी समोर येऊन बसली आणि पुस्तक जमिनीवर ठेवलं.

“सरळ ठेव. बाईंनी काय सांगितलंय?”

“सरळच आहे,” मुंगी म्हणाली. “तुझ्याकडून बघ ना.”

आईनं बघितलं. बैल चार पायांवर उभा होता, झाड आभाळाकडे वाढलं होतं. हंगामभर ते पुस्तक रोज तिच्याच पुढं, तिच्याचकडे तोंड करून पडलेलं होतं, आणि तिनं नुसता बैल बघितला होता.

मुंगीनं पलीकडून हात लांबवला आणि बैलाखालच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. “हा ब. म्हण.”

“माझे हात चिखलाचे आहेत.”

“डोळे कुठं आहेत चिखलाचे? म्हण.”

मुंगीच्या आईनं साच्यात गारा आपटला, वरचं निपटलं, साचा उलटा करून उचलला. वीट नीट उतरली. मग तिनं खड्ड्याकडे चोरून बघितलं आणि पुटपुटली, “ब.”

नवऱ्याचे पाय थांबले. “काय म्हणालीस?”

“काही नाही. गारा आणा लवकर.”

तो पुन्हा तुडवू लागला. मुंगीचं बोट पुस्तकावर तसंच होतं, हललं नव्हतं. आई पुढं वाकली आणि या वेळी मोठ्यानं म्हणाली, “ब.”